सासऱ्यांच्या वजनाची गाडी

"टक्."

कोपऱ्यावर गाडी डावीकडे वळली आणि पुढच्या चाकापाशी, खाली कुठेतरी, हा आवाज झाला. जावयाने बायकोकडे पाहिलं. बायकोने खिडकीबाहेर पाहिलं. ज्या गाडीत आपण बसलोच नव्हतो असं पुढे शपथेवर सांगायचं आहे, तिच्यातले आवाज आपण ऐकायचेच कशाला, असा तिचा चेहरा होता.

"ऐकलंस?"

"काय?"

"टक् झालं."

"गाडी आहे, होणारच काहीतरी. तू सरळ घरी चल."

सरळ घरी जायला वाटेत बरीच वळणं होती. उजव्या वळणांवर गाडी शहाण्यासारखी वागली. डावीकडे वळली की मात्र टक्. फाटकातून आत शिरताना शेवटचं टक् झालं, तेव्हा इंजिन बंद केल्यावरही जावई स्टिअरिंग घट्ट धरून बसून राहिला.

गाडी सासऱ्यांची होती. लाल, दोनच माणसांची, आणि इतकी बुटकी की तिच्यात चढायचं नसतं, उतरायचं असतं. सासरे तिला स्वतः धूत, स्वतः पुसत आणि एरवी तिच्यावर कापडी झूल घालून ठेवत. आठवडाभर थोरल्या मुलीकडे जायचं ठरलं तेव्हा त्यांनी धाकटीला आणि तिच्या नवऱ्याला घर राखायला बोलावून घेतलं. निघताना किल्ली जावयाच्या हातात देता देता ती मध्येच हवेत धरून ते म्हणाले होते, "एक दिवसाआड इंजिन सुरू करायचं. जागच्या जागी. चाक हलता कामा नये." आणि मग टॅक्सीत बसता बसता म्हणाले होते, "नीट सांभाळलीत तर पुढे बघू. तुम्हालाही एखादी फेरी मारायला देऊ."

लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि सासऱ्यांच्या तोंडून जावयाने ऐकलेला हा पहिला गोड शब्द. त्या एका वाक्यावर तो चार दिवस हवेत तरंगत होता. घाटातून ही लाल गाडी आपण चालवतो आहोत, शेजारी बायको आहे, तिचे केस वाऱ्यावर उडताहेत, असं चित्र त्याला विमा कंपनीच्या ऑफिसात फायलींवर दिसायला लागलं होतं. पाचव्या दिवशी त्याला धीर धरवेना. मिळणारच आहे ती फेरी आधी मारली तर काय बिघडतं, असा हिशेब त्याने केला. काय बिघडतं ते आता डाव्या चाकापाशी टकटकत होतं.

सासरे दुसरे कुणी असते तर गोष्ट वेगळी. पण हे निवृत्त कस्टम अधिकारी होते. विमानातून उतरणाऱ्यांच्या बॅगा आणि चेहरे वाचण्यात त्यांचा जन्म गेला होता. समोरच्याच्या डोळ्यांत रोखून बघत ते एकच प्रश्न विचारत, "जाहीर करण्यासारखं काही?" निवृत्तीनंतर बॅगा संपल्या, प्रश्न राहिला. लेकीने पहिल्यांदा या मुलाला घरी आणलं तेव्हाही त्यांनी तोच विचारला होता. त्यावर मुलाने घाबरून दोन दाढा काढल्याचं, बारावीला एकदा नापास झाल्याचं आणि शेजाऱ्यांचं वायफाय वापरत असल्याचं एका दमात जाहीर केलं होतं.

जावई टॉर्च घेऊन गाडीखाली सरपटत गेला. पुढच्या दोन चाकांच्या मधून अंगठ्याएवढ्या जाडीची एक लोखंडी दांडी आडवी गेलेली असते. वळणावर गाडी एका अंगाला फार झुकू नये म्हणून ती बसवतात आणि गॅरेजवाले तिला स्वे बार म्हणतात. दांडी ठणठणीत होती. दांडी धरून ठेवणारी पकडही ठीक होती. पण ती पकड ज्या पत्र्याला बोल्टने आवळलेली होती, त्या पत्र्यालाच डाव्या बाजूला चीर गेली होती. दांडीला जोर आला की चीर उघडणार आणि टक् करून मिटणार.

"आपण गाडी मोडली," तो खालूनच म्हणाला.

"आपण नाही," वरून उत्तर आलं. "तू. मी खिडकीबाहेर बघत होते."

तेवढ्यात घरातला फोन वाजला. जावयाचं डोकं गाडीच्या बुडाला आपटलं. बायको धावत आत गेली आणि थोड्या वेळाने छातीवर हात ठेवून बाहेर आली.

"बाबा होते?"

"नाही रे, अक्कामावशी. डोंगरावरच्या बंगल्यातून. नेहमीचंच, वर कधी येताय, चार वर्षं झाली, असं. मी म्हटलं आई-बाबा गावाला गेलेत."

"गाडीबद्दल काही विचारलं?"

"विचारलं ना. गाडी बरी आहे का म्हणाली."

जावयाचा चेहरा पांढराफटक पडला. चीर पडून तासही झाला नाही आणि बातमी डोंगरावर पोहोचली कशी, हे काही त्याला कळेना.

सासू-सासरे सोमवारी यायचे होते. शुक्रवारी सकाळी जावयाने ऑफिसला आजारी असल्याचं कळवलं. ते अगदीच खोटं नव्हतं. मग दोघं गाडी घेऊन गॅरेजला निघाली. गॅरेज घरापासून हाकेच्या अंतरावर, फक्त डावीकडे वळायचं. पण प्रत्येक टक्‌ला चीर वाढणार, म्हणून जावयाने गाडी निव्वळ उजव्या वळणांनी न्यायची ठरवली. एका चौकाला पूर्ण वळसा घालून, भाजी मंडईला दोन वेढे घालून आणि एका शाळेवरून पुन्हापुन्हा जाऊन, वॉचमनला संशय यायच्या बेताला ती गॅरेजमध्ये पोहोचली.

गॅरेजवाल्याला सगळे उस्ताद म्हणत. तरुणपणी त्याने काही वर्षं शर्यतीच्या गाड्यांवर काम केलं होतं आणि ते त्याच्या डोक्यातून अजून उतरलं नव्हतं. त्याच्याकडे दुधाचा टेम्पो आला तरी तो आधी विचारी, "वळणावर किती वेग धरता?" लाल गाडी बघून त्याचे डोळे पाणावले. तो तिच्याखाली गेला आणि बराच वेळ बाहेरच आला नाही.

"चीर आजची नाही वाटत," आतून आवाज आला.

"नाहीच," जावई म्हणाला. "कालची आहे."

उस्तादने डोकं बाहेर काढून त्याच्याकडे नीट बघितलं आणि पुन्हा आत घेतलं.

"नुसती चीर भरून देऊ?"

"चालेल ना?"

"चालेल की. मग शेजारी नवी पडेल. दांडीचा जोर कुठं जाणार? वर जाड पट्टी मारावी लागेल वेल्डिंग करून. डब्बल पत्रा."

"मारा."

"आणि उजवीकडे?"

"उजवीकडे काय झालंय?"

"अजून काही नाही. पण साहेब, एक बाजू मजबूत केली की सगळा जोर दुसरीवर येतो. आज ही नीट केली तर उद्या ती फाटणार. हे काम जोडीनंच करायचं असतं."

जावयाने बायकोकडे बघितलं. तिने मान हलवली. एका बोल्टभोवतीच्या चिरेचं काम अशा रीतीने उभ्याउभ्या दुप्पट झालं. गाडी लोखंडी घोड्यांवर चढली. चाकं निघाली, दांडी निघाली, रबरं निघाली, आणि कुठला बोल्ट कुठला हे फक्त उस्तादला ठाऊक असलेला एक ढीग जमिनीवर तयार झाला. सासऱ्यांनी रोज पुसलेली गाडी आता दात काढलेल्या म्हाताऱ्यासारखी दिसत होती. उस्तादने ग्राइंडर लावून चिरेभोवतीचा गंज खरवडून पत्रा चकचकीत केला, पट्ट्या कापल्या, आणि वेल्डिंगचा मुखवटा डोळ्यांवर ओढता ओढता सहज विचारलं, "टाकीत पेट्रोल किती आहे?"

"फुल्ल. मीच भरलं. म्हणजे, आभार म्हणून."

"मग तुम्ही दोघं जरा रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहा."

पलीकडच्या फुटपाथवर उभं राहून दोघांनी निळ्या ठिणग्या बघितल्या. बायकोने नकळत नवऱ्याचा हात धरला. जावयाच्या मनात स्फोटाचा विचार येऊन गेला. त्याहून जास्त वेळ, स्फोटात आपण वाचलो तर सासऱ्यांना काय सांगायचं, हा विचार राहिला.

स्फोट झाला नाही. दुपार उलटल्यावर उस्तादने काळ्या रंगाचा हात मारलेल्या दोन देखण्या पट्ट्या दाखवल्या आणि त्यांवर हातोड्याने ठण् करून वाजवलं. "बघा. गाडी भंगारात जाईल, चाकं गळून पडतील, पण ही पट्टी निघायची नाही. मी स्वतः काढतो म्हटलं तरी निघायची नाही."

जावयाला रडू यायचं बाकी होतं. दांडी परत बसली, चाकं चढली, गाडी जमिनीवर आली. उस्ताद दोन पावलं मागे सरला. जावईही सरला.

गाडी वाकडी उभी होती. डावा खांदा वर, उजवा खाली, जणू कुणीतरी तिला न पटणारं काही सांगितलं होतं.

"ही अशी का दिसतेय?"

"कशी?"

"वाकडी."

"रिकामी गाडी अशीच दिसते."

"आणली तेव्हाही रिकामीच होती. सरळ होती."

उस्तादची नजर हळूच डाव्या चाकाजवळच्या जॅककडे गेली. दांडीची टोकं चाकांना जोडणाऱ्या दोन काड्यांची लांबी पेचाने कमीजास्त करता येते. ती लांबी त्याने डावं चाक हवेत लोंबत असतानाच आवळली होती. त्याने पायाने जॅक बाकाखाली सारला, घसा साफ केला आणि अशा वेळी जाणती माणसं करतात तसा उलटा प्रश्न केला.

"गाडी चालवतं कोण?"

"सासरे."

"वजन?"

"कुणाचं?"

"सासऱ्यांचं! रिकामी गाडी कुणी बेतत नाही साहेब. चालवणारा जाग्यावर बसला की मग दांडी बेतायची. शर्यतीत आम्ही ड्रायव्हरला खुर्चीत बसवूनच काड्या आवळायचो. बूट, हेल्मेटसकट. सासऱ्यांना आणा, एका झटक्यात सरळ करून देतो."

सासऱ्यांना आणणं सोडून जावई जगातलं काहीही करायला तयार होता. शेवटी ठरलं की निदान वजन तरी विचारायचं. फोन बायकोने करायचा, कारण लेकीने बापाचं वजन विचारणं त्यातल्या त्यात स्वाभाविक दिसेल. ते किती स्वाभाविक दिसलं, हे जावयाने फोनला कान लावून ऐकलं.

"आई, बाबांचं वजन किती गं?"

"का?"

"असंच."

"असंच कुणी विचारतं का? इथे सगळे ठीक आहोत आम्ही. तुम्हाला काय झालं?"

"काही नाही गं. ते... ह्याच्या ऑफिसचं काम आहे."

विम्याच्या ऑफिसात सासऱ्याच्या वजनाचं काय काम असतं, हे समजायला सासूबाईंना फार वेळ लागला नाही. "ब्याऐंशी," त्या थंडपणे म्हणाल्या. मग फोन कुणीतरी दुसऱ्याने घेतला.

"जाहीर करण्यासारखं काही?"

"नाही बाबा," बायको म्हणाली आणि फोन विस्तव असल्यासारखा तिने बाकावर टाकला.

शनिवारी सकाळी ब्याऐंशी किलोंची शोधाशोध सुरू झाली. उस्ताद स्वतः बारीक. बायको मोजण्यात अर्थ नव्हता. गॅरेजशेजारी भंगारवाल्याचा मोठा काटा होता, त्यावर आधी जावयाला उभं केलं. काटा साठाच्या जवळ जाऊन थकला.

"एवढंच?" भंगारवाला म्हणाला. त्याने आयुष्यात किती जुने पंखे तोलले होते, पण असा हलका माल त्याला आवडत नव्हता.

मग जावयाच्या हातात एक जुनी बॅटरी दिली. काटा पुढे सरकला. मग पान्यांची पेटी दिली. मग खिशांत बोल्ट भरले. काटा ब्याऐंशीवर आला तेव्हा जावयाला हालचाल करता येईना. तसाच त्याला धरून नेऊन ड्रायव्हरच्या सीटवर उतरवला. सीट मळू नये म्हणून खाली पोतं, मांडीवर बॅटरी, बॅटरीवर पेटी.

"असं नाही," खालून उस्ताद ओरडला. "सासरे बसतात तसं बसा. पुढे वाकतात की मागे रेलतात?"

"मागे रेलतात," बायको म्हणाली. "आणि पोट जरा पुढे असतं."

"मग पेटी आणखी पुढे घ्या. हां. आता श्वास रोखा."

जावयाने श्वास रोखला. खाली पान्याचा किरकिर आवाज यायला लागला. आणि त्याच वेळी बायकोचा फोन वाजला. थोरल्या ताईचा. तिने तो ऐकला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"आई-बाबा सकाळच्याच बसने निघालेत. बाबा रात्रभर झोपले नाहीत म्हणे. म्हणत होते, आपल्या डोक्यावर पॉलिसी काढतोय जावई. एव्हाना पोहोचत असतील."

"उस्ताद!" जावई किंचाळला.

"हलू नका! उजवी काडी राहिलीय."

"बाबा येताहेत!"

"येऊ द्या की! मग पेटी काढून त्यांनाच बसवू."

उस्तादने उजवी काडी आवळली, ती किंचित सोडली, पुन्हा आवळली. कामात असला की त्याला घाई माहीत नव्हती. जावयाच्या मांड्या बधिर झाल्या होत्या आणि कपाळावरचा घाम पान्यांच्या पेटीत ठिबकत होता. अखेर उस्ताद खालून बाहेर आला, दूर जाऊन एक डोळा मिटून त्याने गाडीकडे बघितलं आणि मान डोलावली. गाडी ओळंब्यात होती. जावयाने बॅटरी, पेटी आणि खिशांतले बोल्ट भराभर खाली टाकले, तशी गाडी आता जराशी डावीकडे कलली.

"आता हे काय?"

"आता तुम्ही तुम्ही आहात," उस्ताद म्हणाला. "सासरे बसले की सरळ होईल."

या वेळी डावी-उजवी बघायला वेळ नव्हता. एकेरी रस्त्यामुळे परतीचं पहिलंच वळण डावं होतं. जावयाने डोळे अर्धे मिटून गाडी वळवली. काहीच झालं नाही. पुढचं वळणही गप्प. बायको आनंदाने ओरडली आणि जावयाला एक क्षण सगळं जिंकल्यासारखं वाटलं. गाडी शेडमध्ये शिरली, झूल चढली, झुलीचं शेवटचं टोक बंपरखाली खोचत असतानाच फाटकाशी टॅक्सी थांबली.

सासरे उतरले. मागून सासूबाई उतरल्या. सासऱ्यांनी सामानाकडे बघितलंही नाही. ते सरळ जावयासमोर येऊन उभे राहिले आणि त्यांनी त्याला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. नजर मांडीवर येऊन थांबली. पॅंटवर बॅटरीचा काळा, चौकोनी, व्यवस्थित कोपरे असलेला डाग होता.

"जाहीर करण्यासारखं काही?"

"नाही बाबा."

"माझं वजन कशाला हवं होतं?"

जावयापुढे दोन वाटा होत्या. गाडी कबूल करायची, नाहीतर पॉलिसी. त्याला पॉलिसी बरी वाटली.

"तुमच्या नावाने एक पॉलिसी काढत होतो बाबा. सरप्राइज म्हणून."

"म्हणजे मी मेल्यावर तुम्हाला सरप्राइज."

"तसं नाही बाबा..."

"कसं मग?"

जावयाने मदतीसाठी बायकोकडे बघितलं. ती पुन्हा खिडकीबाहेर बघत होती, आणि इथे तर खिडकीही नव्हती. सासरे गाडीकडे वळले. त्यांनी झुलीवरून हात फिरवला आणि बॉनेटवर थांबवला. झूल गरम होती.

"इंजिन सुरू केलं होतं," जावई म्हणाला. "आत्ताच."

"जागच्या जागी?"

"जागच्या जागी."

सासऱ्यांनी झूल ओढून काढली. खाली वाकून टायर बघितला, टायरमध्ये अडकलेलं मंडईतलं कोथिंबिरीचं देठ दोन बोटांनी काढलं आणि जावयासमोर धरलं. घाट, वारा, बायकोचे उडणारे केस, सगळं त्या देठाबरोबर हवेत लोंबत होतं.

"किल्ली," सासरे म्हणाले. किल्ली घेऊन ते गाडीत उतरले आणि गाडी सरळ झाली. एवढ्या संकटातही उस्तादच्या हाताचं जावयाला कौतुक वाटलं. "चल गं, बस," ते सासूबाईंना म्हणाले. "माणसं काय हवं ते सांगतील. गाडी खोटं बोलत नाही. एका वळणात कळेल हिला काय केलंय ते."

गाडी फाटकातून बाहेर पडली आणि डावीकडे वळली. जावई आणि बायको कान देऊन उभे होते. आवाज झाला नाही. गल्लीच्या टोकाला गाडी पुन्हा डावीकडे वळलेली दिसली. तिथेही काही नाही. मग ती दिसेनाशी झाली आणि बराच वेळ आलीच नाही. आली ती इतकी हळू, की सायकलवाला तिला ओलांडून गेला.

सासूबाई उतरल्या त्या फुललेल्या चेहऱ्याने. सासरे मात्र स्टिअरिंग धरून तसेच बसून राहिले. त्यांचा चेहरा बघून जावयाला आता राहवेना. त्याने हात जोडले.

"बाबा, चुकलं माझं. मी गाडी बाहेर काढली. डाव्या वळणावर टक् असा आवाज आला. बघितलं तर स्वे बारच्या पकडीपाशी पत्र्याला चीर पडली होती, माझ्यामुळे. मग, एक बाजू मजबूत केली की जोर दुसरीवर येतो म्हणून, मी दोन्ही बाजूंना पट्टी मारून घेतली. वजन त्याच्यासाठीच हवं होतं. पॉलिसी वगैरे काही नाही."

"तुमच्यामुळे?" सासूबाई म्हणाल्या. "अहो जावईबापू, तो आवाज चार वर्षं येतोय!"

"चार वर्षं?"

"नाहीतर काय! त्या आवाजापायीच अक्काकडे वर जाता येत नव्हतं. घाटात सगळी वळणंच. हे म्हणायचे, फार मोठा बिघाड आहे, त्याचा एक भाग परदेशातून मागवलाय, तो आला की जाऊ. चार वर्षं झाली, भाग काही येईना. तुम्ही कुठून आणलात?"

"भाग नाही आणला आई. पत्र्याची पट्टी. कोपऱ्यावरच्या गॅरेजात."

"किती दिवस लागले?"

"एक."

सासूबाईंचा चेहरा हळूहळू बदलला. त्या गाडीच्या उघड्या खिडकीपाशी गेल्या, आत वाकल्या आणि नवऱ्याच्या डोळ्यांत रोखून बघत अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "जाहीर करण्यासारखं काही?"

तीस वर्षांत हजारो माणसांनी जे केलं होतं तेच सासऱ्यांनी केलं. त्यांनी नजर खाली घातली.

सासूबाई तरातरा आत गेल्या. आतून त्यांचा फोनवरचा आवाज येऊ लागला. "अक्का, झाली गं गाडी! उद्याच येतो वर." सासऱ्यांनी खिडकीतून हात काढून जावयाची बाही धरली आणि त्याला जवळ ओढलं. कस्टममधला सगळा रुबाब उतरला होता.

"तुम्हाला माझा साडू माहीत नाही," ते कुजबुजले. "बाग दाखवतो. एकेक रोप. कुठून आणलं, कधी लावलं, पहिलं पान कधी आलं, मध्ये आजारी कधी पडलं. संध्याकाळपर्यंत. आणि परत येताना एक कुंडी मांडीवर देतो. ती पट्टी... काढता येते?"

"नाही बाबा. गाडी भंगारात जाईल, पण पट्टी निघायची नाही. उस्ताद स्वतः म्हणालाय."

सासऱ्यांनी डोळे मिटले. काही वेळाने उघडले तेव्हा त्यांच्यात एक नवी चमक होती. ते गाडीतून बाहेर पडले, उभे राहिले आणि एकदम उजवा गुडघा धरून कण्हले.

"आई गं!"

"काय झालं?" सासूबाई फोन हातात घेऊनच दारात आल्या.

"गुडघा. बसमधून उतरताना टक् असं झालं होतं. आता तर प्रत्येक पावलाला होतंय. टक्. ऐकलंस?"

"नाही."

"आतून येतो आवाज. घाटात ब्रेक दाबत जायचं म्हणजे याच पायाचं काम." त्यांनी किल्ली जावयाच्या तळहातावर ठेवली. या वेळी ती हवेत धरून ठेवली नाही. वर त्याची मूठ स्वतःच्या दोन्ही हातांनी मिटवली. "जावईबापू, गाडी आजपासून तुमची समजा. घाटात नजर तरुण हवी. उद्या तुम्ही घेऊन जा हिला."

गाडीत जागा दोनच होत्या. जावयाने बायकोकडे बघितलं. बायकोने ओठ दाबून जमिनीकडे बघितलं, पण तिचे खांदे हलत होते.

रविवारी लाल गाडी घाट चढली. वारा होता, वळणं होती, किल्ली जावयाची होती. शेजारी सासूबाई होत्या आणि डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला असल्यामुळे त्यांचे केस उडत नव्हते. वर अक्कामावशीच्या यजमानांनी बाग दाखवली. एकेक रोप. सूर्य डोंगराआड टेकला तेव्हा ते शेवटच्या वाफ्यापाशी आले होते आणि तिथे एक झाड दोनदा वाळून तिसऱ्यांदा जगलं होतं, त्याची हकिकत मोठी होती.

उतरताना सासूबाईंच्या मांडीवर कुंडी होती. जावई प्रत्येक डाव्या वळणावर कानात प्राण आणून ऐकत होता. एकदा त्याने मुद्दाम गाडी जरा जोरात वळवून पाहिली. दांडी जागची हलली नाही.

"जावईबापू, गाडी माझ्या अंगाला कलते का हो?"

"थोडीशी, आई. ती बाबांच्या वजनाला बेतलीय."

"असं." सासूबाईंनी कुंडी सावरली. "अक्का म्हणते, आता दर महिन्याला या. तुमचा तो उस्ताद चांगला माणूस दिसतो."

"हुशार आहे."

"मग उद्या त्याला घरी बोलवा. गुडघ्याला पट्टी मारतो का विचारू." त्यांनी रुमालाची गाठ आणखी आवळली. "आणि दोन्ही मारायला सांगा. एक मजबूत केला की जोर दुसऱ्यावर येतो, म्हणालात ना?"